शेवंतीमावशीने विचारलं होतं

अन्याय झाला तो शेवंतीमावशीवर. गाव नार्वे, वय पन्नाशीच्या पुढचं, काम डिचोली तालुक्यातल्या एका इस्पितळात चादरी धुण्याचं. कधी झाला तेही सांगते, कारण माझ्याइतकं नेमकं ते दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही. महामारीची दुसरी लाट, मे महिन्यातला एक मंगळवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं, इस्पितळाचं मागचं अंगण. मी एक कागद मोठ्याने वाचत होते. मावशीने मध्येच एक प्रश्न विचारला. मी तो ऐकला आणि पुढे वाचत गेले. वाचून झाल्यावर नोंदवहीत लिहिलं, 'सूचना वाचून दाखवली. सर्वांनी होकार दिला.'

आज तिच्या फायलीत एक ओळ आहे: 'तोंडी सूचना दिली असता, होकार देऊनही हलगर्जीपणा केला.' ही ओळ खोटी आहे आणि ती माझ्या ओळीतून जन्मली आहे. संपादकांनी माझ्याकडे कामाच्या आठवणी मागितल्या. तिशीही न गाठलेल्या बाईने कामाच्या आठवणी लिहायच्या म्हणजे पोरखेळच, पण ते काम सगळं मिळून दोन वर्षांत उरकलं आणि त्याची पेन्शन म्हणून मला रोज पहाटे तेच एक अंगण दिसतं. म्हणून लिहिते.

मी हरमलची. घराच्या मागे पाच खोल्या, पर्यटकांना द्यायच्या. बाबा खोल्या बघायचे आणि मी गावभर पत्रकं वाटत फिरायचे. खनिजाच्या ट्रकांची धूळ, किनाऱ्यावर टाकलेला कचरा, बंद पडलेला नळ, जे मिळेल त्यावर मी पत्रक लिहिलेलं आहे. पत्रक लिहिणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. वाचणारा उभा असतो, त्याच्या हातात पिशवी असते आणि त्याची बस यायची असते. तेवढ्या वेळात काय ते सांगायचं.

याच गुणावर मला इस्पितळात घेतलं. कंत्राटावर. पद 'कर्मचारी-संपर्क मदतनीस'. पहिल्या दिवशी अधीक्षक साहेब म्हणाले, "तुम्ही आमच्याविरुद्ध पत्रकं लिहिण्यापेक्षा आमच्यासाठी लिहा." मी म्हटलं, "दोन्ही लिहीन." ते हसले. तेव्हा हसायला सगळ्यांकडे वेळ होता.

बाहेरच्या माणसाला हे काम काय ते सांगायला हवं. इस्पितळात हुकूम वरून येतो. त्या काळात दिवसाला तीन-चार यायचे, इंग्रजीत, फोनवर, लांबलचक, आणि सकाळचा हुकूम संध्याकाळी फिरायचा. डॉक्टर आणि परिचारिका ते वाचायचे. पण झाडूवाले, स्वयंपाकघर, धुणं, रुग्णवाहिकेचे चालक, ऑक्सिजनचे सिलिंडर ढकलणारे, यांच्यापर्यंत हुकूम पोचायचा तो वाटेत चार तोंडं चाखून. मी तो वाचायचा, कोणाला लागू आहे ते ठरवायचं, आणि त्या माणसाला कळेल अशा मराठीत पाच वाक्यांत उतरवायचा. पाचच. सहावं वाक्य कोणी ऐकत नाही, हे मला पत्रकांनी शिकवलं होतं.

पहिला महिना मी ते कागद पुढच्या दाराशी, हजेरीच्या यंत्राशेजारी लावले. ठळक अक्षर, खाली लाल रेघ. मोठा अभिमान होता मला त्या फळ्याचा. एके दिवशी सगुणमामा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने वॉर्डबॉय, पेडण्याकडचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. बराच वेळ फळ्याकडे बघून म्हणाले, "बाय, ह्यो चिट्यो तू कोणाक लिवतस? देवाक?"

"तुम्हालाच की, मामा."

"आमी हंयसून येणव नाय आणि जाणव नाय. आमची वाट मागच्या दारान."

खरंच होतं. धुणं, स्वयंपाक, झाडू, सगळी माणसं मागच्या फाटकातून यायची, मागेच सही करायची, मागेच जेवायची. महिनाभर मी माझी सुंदर पत्रकं ज्यांना गरज नव्हती त्यांना वाचायला लावत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या अंगणात गेले.

ते अंगण मला आता खरं वाटत नाही. फणसाचं एक झाड, धुण्याच्या खोलीची कौलं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या. दोऱ्यांवर चादरी. शेवंतीमावशी त्यांना लेंसोलां म्हणायची, जुन्या गोंयकारांसारखं. पहाटे वाळत घातलेल्या त्या चादरी सातच्या उन्हात आतून पेटल्यासारख्या दिसायच्या. औषधाच्या पाण्याचा वास, साबांवचा, म्हणजे साबणाचा वास, स्वयंपाकघरातल्या पेजेची वाफ, आणि फाटकाबाहेर पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा. रात्रपाळी संपवून निघालेले आणि दिवसपाळीला आलेले, असे पंधरा-सोळा जण चादरींच्या मधल्या गल्ल्यांतून उभे राहायचे. सगळ्यांची तोंडं झाकलेली. कोण बोललं ते कळायचं नाही. आवाज चादरींतूनच यायचा.

पहिल्या दिवशी मी दोन वाक्यं वाचली आणि सगुणमामांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "व्हय म्हाराजा."

सगळे हसले. मामांच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाराणं घालण्याचा मान आहे. ज्यांनी गाराणं ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गावाच्या वतीने एक माणूस देवापुढे उभा राहतो आणि गावाचं काय चाललंय, काय चुकलंय, काय हवंय ते लयीत, मोठ्याने सांगत जातो. प्रत्येक वाक्याला जमलेला गाव म्हणतो, व्हय म्हाराजा. मामांनी ते तोंडातून जाऊ दिलं आणि पुढच्या वाक्याला दोघांनी साथ दिली. आठवड्याभरात सगळं अंगण म्हणू लागलं. "हातमोजे दोनदा वापरू नयेत." व्हय म्हाराजा. "जेवताना एकमेकांसमोर बसू नये." व्हय म्हाराजा.

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फारच आवडलं. आयुष्यभर मी लोकांच्या हातात कागद कोंबले होते आणि ते त्यांनी शेंगदाण्याला वापरले होते. इथे माझ्या वाक्याला सोळा माणसं उत्तर देत होती. बातम्यांत माणसं मरत होती, आमच्याच पुढच्या दारातून रोज कोणीतरी झाकून बाहेर जात होतं, आणि मागे या पांढऱ्या गल्ल्यांत ती पंधरा मिनिटं अशी तरंगत निघून जायची की पाय जमिनीवर आहेत की नाहीत ते कळू नये. लोक मला 'वाचपी बाय' म्हणू लागले.

वाचणं ही कामाची एक बाजू. दुसरी बाजू ऐकण्याची. कागद संपला की मी विचारायचे, कोणाची काही अडचण? तेव्हा कोणी काही बोलायचं नाही. मग फणसाखाली एकेक जण येऊन हळूच सांगायचा.

दोन परिचारिकांना घरमालकाने सामानासकट बाहेर काढलं होतं. मी बाबांना फोन केला. आमच्या पाचही खोल्या रिकाम्या होत्या, हरमलला चिटपाखरू नव्हतं. शेजारी कुंपणावरून म्हणाला, "दादा, रोग घरात घेतंस तू." बाबा म्हणाले, "शिमग्याक तू बायकोच्या माहेरचे बारा जण घेतलंस, तेव्हा मी काय बोललंय?" त्या दोघी वर्षभर आमच्याकडे राहिल्या. ड्युटी करून यायच्या, आंघोळ करायच्या आणि खोलीच्या पायरीवर बसून समुद्राकडे बघायच्या. ना संगीत, ना स्कूटरी. किनाऱ्यावर फक्त कुत्री आणि उलट्या घातलेल्या होड्या. एकीने मला विचारलं होतं, "इथे एवढा आवाज असतो हे खरं आहे का गं? की लोक उगाच सांगतात?"

आमचा एक चालक दोडामार्गचा. सीमा बंद झाली तेव्हा तो अलीकडे राहिला आणि घर पलीकडे. इस्पितळाच्या हॉलमध्ये झोपायचा. रविवारी त्याची बायको मुलीला घेऊन पलीकडच्या अडसराशी यायची, हा अलीकडे उभा राहायचा, आणि तिघं नुसती हात हलवायची. तो रोज मला विचारायचा, "वाचपी बाय, आज कागदात आमचा काय?" म्हणून मी माझा नियम मोडला. कागदाला सहावं वाक्य जोडलं: 'दोडामार्गचं अजून काही नाही.' त्यावरही सगळे म्हणायचे, व्हय म्हाराजा. मात्र त्या वाक्याला आवाज खाली यायचा.

आणि एक फजिती. किट घातलं की चार-पाच तास काढता येत नाही, म्हणून वरून सल्ला आला होता की आधी पाणी-चहा बेताने घ्यावा. मी लिहिलं, 'किट घालणाऱ्यांनी आधी चहा घेऊ नये.' व्हय म्हाराजा. दोन दिवस स्वयंपाकघरातून कोणालाच चहा गेला नाही. डॉक्टरांना नाही, चालकांना नाही, अधीक्षक साहेबांनाही नाही. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः विचारायला आले. स्वयंपाकीणबाईने कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बोट दाखवलं. "हिणें सांगलां. सगळ्यांनी व्हय म्हटलां. आतां तुमी माका विचारतात?"

"अगो, मग विचारायचं ना मला, सगळ्यांचा चहा बंद करू का म्हणून," मी म्हटलं.

"गाराण्यांत कोण विचारता?" ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

आम्ही त्यावर महिनाभर हसलो. त्यातलं शहाणपण मात्र मी चहाबरोबर पिऊन टाकलं.

आता शेवंतीमावशी. ती नार्व्याहून पहिल्या बसने यायची. देवळाच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर तिचं घर. धुण्याच्या खोलीत तिच्याकडे यंत्रं दोन होती, पण तिचं खरं यंत्र नाक. गाठोडं आलं की न उघडताच सांगायची, हें बाळंतपणाच्या वॉर्डाचें, हें म्हाताऱ्यांचें. भिजवलेली चादर औषधात पुरेसा वेळ राहिली की नाही ते हुंगून ओळखायची. एकदा एका तरुण डॉक्टरांचा कोट हातात घेऊन म्हणाली, "दोतोर, तुमी बिडी सोडली म्हूण घरकान्नीक सांगलां न्हय? हो कोट घरा व्हरूं नाकात." बायकोला वास लागू नये म्हणून डॉक्टर कोट तिथेच ठेवून पळाले.

मे महिना आला आणि जग वितळू लागलं. खाटा संपल्या, मग गाद्या संपल्या, मग चादरी. झोपेत चालावं तशी माणसं चालत होती. मी सुद्धा. वार कोणता ते मी कागदावर तारीख घालताना शोधायचे.

त्या मंगळवारचा कागद माझ्याकडे अजून आहे. पाच वाक्यं, शिवाय खाली दोडामार्गचं सहावं. आजपासून कोविड वॉर्डातल्या चादरी वॉर्डातच औषधाच्या पाण्यात भिजवून मग धुण्याच्या खोलीत येतील. त्यामुळे धुण्याच्या खोलीत जाड मास्कची गरज नाही, कापडी चालेल. जाड मास्क वॉर्डातल्या लोकांसाठी राखून ठेवले आहेत. पिशवी उघडताना हातमोजे घालावेत. त्रास झाल्यास लगेच कळवावं.

कागदावर तो हुकूम गोरागोमटा होता. जाड मास्क कमी पडत होते, हे त्याचं खरं कारण. ते हुकमात नव्हतं, आणि मला माहीत असून मीही लिहिलं नाही. 'राखून ठेवले आहेत' असं लिहिलं. पत्रकं लिहिणारीला शब्द कसा गोड करावा ते कोणी शिकवावं लागत नाही.

पहिलं वाक्य वाचलं. व्हय म्हाराजा. तो आवाज विरतो न विरतो तोच दुसऱ्या गल्लीतून, चादरीमागून, मावशी म्हणाली, "बाय, सांजच्यो पिशव्यो कोण भिजयतलो? सांजेर थंय वॉर्डान एकटोच आसता."

तिचा आवाज मी ओळखला. प्रश्नही कळला. पण ऑक्सिजनची गाडी फाटकात येऊन उभी होती, भोंगा वाजवत होती, आणि सिलिंडर उतरवणारे सहा जण माझ्यासमोर पाय बदलत उभे होते. मी म्हटलं, "मावशी, मागीर सांगतां. आदीं वाचून जांव दी."

आणि दुसरं वाक्य वाचलं. त्यामुळे धुण्याच्या खोलीत जाड मास्कची गरज नाही.

व्हय म्हाराजा, म्हणालं अंगण.

माणसं गाडीकडे धावली. मी नोंदवहीत नेहमीची ओळ लिहिली. 'मागीर', म्हणजे नंतर, मी कधीच गेले नाही. विसरले, एवढंच. कोणी अडवलं नव्हतं. वॉर्ड तिथून ऐंशी पावलांवर होता.

पुढचं मला मावशीने नंतर सांगितलं. सकाळच्या पिशव्या भिजून यायच्या. संध्याकाळच्या कोरड्या. वॉर्डात संध्याकाळी एकच माणूस, त्याने रुग्ण बघायचे की चादरी बुडवायच्या? मावशीने पिशवी सोडण्याआधीच नाकाने ओळखलं. ती स्टोअरला गेली, जाड मास्क मागितला. स्टोअरच्या माणसाने माझा कागद दाखवला. माझं अक्षर. "तुमच्या खात्याला कापडी." तिने कापडी मास्कवर अंग पुसायचा तुवालो गुंडाळला आणि पिशव्या उघडल्या. चादरी धुतल्या नसत्या तर दुसऱ्या दिवशी माणसं उघड्या रेक्झिनवर झोपली असती. पुढच्या आठवड्यात ती त्याच वॉर्डात रुग्ण म्हणून गेली. तिची चादर कोणी धुतली मला ठाऊक नाही.

ती वाचली. पण नाक गेलं. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. आलं नाही.

तेवढ्यावर गोष्ट संपली असती, तर मी हे लिहिलं नसतं. आजार सगळ्यांनाच झाले. पण वरून विचारणा झाली की धुण्याच्या खोलीतली बाई आजारी का पडली. उत्तर द्यायला हवं होतं. 'आम्ही मास्क काढून घेतले' असं कोण लिहील? कोणीतरी माझी नोंदवही काढली. सर्वांनी होकार दिला. झालं. सूचना होती, होकार होता, म्हणजे चूक तिची.

मला हे कळलं ते पुढच्या वर्षी. माझं कंत्राट संपलं होतं, मावशीचंही नवं झालं नव्हतं. शुक्रवारचा म्हापशाचा बाजार, मी बसस्टँडच्या बाजूने चालले होते आणि मिरच्यांच्या ढिगांमागून हाक आली, "वाचपी बाय." मावशी. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. गावाजवळच्या एका दवाखान्यात धुण्याचं काम सुटलं होतं, तिथल्यांनी जुन्या इस्पितळाकडे चौकशी केली आणि मग नाही म्हणाले. हा कागद तिने कोणाकडून तरी मिळवला होता.

"म्हजो चलो वाचून दाखयना," ती मुलाबद्दल म्हणाली. "म्हणटा, कांय ना गो तें. तूं वाच. तूं वाचतलीस तर कळटलें."

बाजाराच्या त्या गजबजाटात मी वाचलं. मोठ्याने, कारण हळू वाचलेलं तिला ऐकू आलं नसतं. तोंडी सूचना दिली असता, होकार देऊनही हलगर्जीपणा केला. वाक्य संपलं आणि मी थांबले. माझा कान सवयीने वाट बघत होता. बाजूची मासळीवाली सुकी सुंगटं मापत होती.

मग मावशी म्हणाली, "हांवें विचारिल्लें न्हय गो?"

"हो, मावशी. विचारलं होतं."

"तुवें आयकलें?"

"ऐकलं होतं."

"मागीर?" 

हा 'मागीर' तिने कसा म्हटला ते मला लिहिता येणार नाही. रागाने नव्हता. पुढे काय झालं, असं गोष्ट ऐकणाऱ्याने विचारावं तसा होता.

मी अधीक्षकांकडे गेले. तिने विचारलं होतं, मी उत्तर दिलं नाही, असं लिहून दिलं. त्यांनी नोंदवही उघडून माझ्यासमोर ठेवली. "हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. ते चुकीचं लिहिलं मी."

"त्या दिवशी चुकीचं लिहिलंत की आज? मी कोणतं खरं धरू?" मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "अंगणात एवढी माणसं होती. एकाने तरी लिहून दिलं तर मी फाईल पुन्हा उघडतो. एकाने. तुमच्याशिवाय."

माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं, मला त्यांच्याशी भांडण्याचा सराव आहे.

मी दारोदार फिरले. ज्यांचं कंत्राट चालू आहे ते म्हणाले, बाय, आमका त्यात घालू नको. दोडामार्गचा चालक आता पलीकडेच नोकरी करतो. तो म्हणाला, मी फक्त सहाव्या वाक्याची वाट बघायचो, बाकी काय चाललंय ते कानात शिरतच नव्हतं. स्वयंपाकीणबाई त्या वेळी चुलीपाशी होती. राहिले सगुणमामा.

मामा निवृत्त होऊन घरी बसलेत. पेडण्याच्या आतल्या बाजूला घर, दारात माडांची सावली, इतकं शांत की नारळ पडला तर गाव जागं व्हावं. मी सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"मामा, ती तुमच्यापासून दोन हातांवर होती. तिने विचारलं ते तुम्ही ऐकलं असणार."

"आयकला असतलंय," ते म्हणाले. "पण माका याद नाय गो. खोटा सांगणंय नाय. गाराणा चालू आसताना कोण खोकलो, कोण शिंकलो, ता कोण ध्यानात ठेवता? मदीं कोणी विचारूचा नसता. कोणी विचारलाच, तर आमचो कान ता सोडून देता."

"म्हणजे तिचा प्रश्न खोकल्यासारखा?"

त्यांनी डोळे उघडले. "देवाक सांगताना चलता ता," मग म्हणाले. "देवाक सगळा ठावक आसता. तुका काय ठावक होता? तुझ्या कागदाक आमी व्हय म्हणूक नको होता. चूक माझी. सुरुवात मी केलंय."

सुरुवात त्यांनी केली. मला ती गोड लागली, म्हणून मी चालू ठेवली. लोक समजले का हे बघण्याचं माझं काम होतं आणि मी लोक एका सुरात बोलतात यावर खूष होते. सोळा माणसं एकदम होय म्हणतात तेव्हा एक जण काहीतरी वेगळं म्हणतोय, हे शोधायला चादर बाजूला करावी लागते. मी ती केली नाही.

गेल्या महिन्यात मी नार्व्याला गेले होते. नदीवर सकाळची वाफ होती, पलीकडचा काठ असूनही नसल्यासारखा. मावशी चुलीपाशी बांगड्यांची कढी करत होती. मला बघून सरकून बसली आणि म्हणाली, "बरें जालें आयलीस. पळय गो, तिरफळां पडल्यांत मगे? माका याद ना आनी वास येना."

मी वाकून वास घेतला. तिरफळाचा तो जिभेवर आधीच चरचरणारा वास सगळ्या घरात भरून राहिला होता. फक्त तिच्यापर्यंत येत नव्हता.

"पडलीत, मावशी."

"खरें मगे? नुसतें व्हय म्हणूं नाका."

मी पळीने ढवळून एक तिरफळ वर काढलं आणि तिला दाखवलं. तिने ते बघितलं, मग मान हलवली. निघताना मला म्हणाली, "काम मेळूं ना तर नाका. पूण हांवें लेंसोलां वायट धुयलीं अशें फायलींत बरयलां, तें पुसून उडय."

म्हणून आता हे वाचणाऱ्या तुमच्याशी बोलते. हा अंक पेडण्यात वाचला जातो, डिचोलीत वाचला जातो, दोडामार्गपर्यंत जातो. त्या मंगळवारी त्या अंगणात जी माणसं होती, ती तुमच्याच घरांतली आहेत. कोणाचा दीर असेल, कोणाची सून, कोणाचा शेजारी. त्यांतल्या कोणाला तुम्ही ओळखत असाल, तर आज त्याला समोर बसवा आणि हे वाचून दाखवा. चादरीमागून आलेला तो आवाज, 'सांजच्यो पिशव्यो कोण भिजयतलो', तो आठवतो का विचारा. आठवत असेल तर एक कोरा कागद घ्या आणि त्याच्याकडून एवढंच लिहून घ्या की शेवंतीमावशीने विचारलं होतं. खाली सही. कागद नार्व्याला तिच्या हातात द्या. देवळाच्या खालच्या वाटेला घर विचारलंत तर कोणीही दाखवेल.

आणि तुमचं वाचून झाल्यावर तो माणूस नुसता 'व्हय' म्हणाला, तर तेवढ्यावर उठू नका. त्याला विचारा, काय व्हय?